धरलं तर मुंग्या, सोडलं तर मासा

दुकानातून,
सोमवार, भर दुपार

आदरणीय साडूबुवा यांस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण आठ अंगांपैकी उजवा हात सध्या माझ्या ताब्यात नाही, तेव्हा हा सात अंगांचाच गोड मानून घ्यावा. (साष्टांगात दोन हातांची दोन अंगं धरतात की दोन्ही मिळून एक, हे मला नक्की आठवेना. मिळून एक धरत असतील तर हा साडेसात अंगांचा झाला. पण साडेसात म्हटलं की उगाच नको ते आठवतं, म्हणून सातच राहू द्या.)

तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला? चष्म्याच्या दुकानातला नवा आरसा बसला का? खरं तर ही सगळी चौकशी रीत म्हणून करतो आहे. दोन सख्ख्या बहिणी रोज फोनवर चाळीस मिनिटं बोलतात, त्यामुळे तुमच्या घरातलं भांडं पडलं तरी आवाज आमच्या स्वयंपाकघरात येतो. फक्त ऐकताना माझा घोटाळा होतो. गुडघा उतरणीला लागलाय आणि खोकला चढणीला, की गुडघ्याला चढण सोसत नाही आणि खोकला उतरलाय, ते माझ्या ध्यानात राहिलेलं नाही. दोन्हीपैकी जे बरं असेल ते तसंच राहो. या दोघींचे नवरे मात्र सात महिने एकमेकांशी बोललेले नाहीत. तुमची गळाची काठी त्या रविवारी माझ्या हातून तळ्यात गेली, तेव्हापासून. तो विषय मी या पत्रात काढणार नाही. हे पत्र फक्त हाताबद्दल आहे.

तर हात. तुम्ही यायचे थांबलात (गळ टाकणंच सोडून दिलंत असं ताईंकडून कळलं, ते खरं का?) तरी मी दर रविवारी बंधाऱ्यावर जातो. एक साधी काठी घेतली आहे. आपल्या नेहमीच्या दगडावर बसतो, गळ टाकतो आणि पंधरा मिनिटांत उजव्या हाताला मुंग्या येतात. आधी अंगठ्याला, मग शेजारच्या बोटाला, मग मधल्याला. मग मनगट जड होतं आणि हात असा होतो की तो माझ्या खांद्याला कुणी विसरून ठेवून गेलंय. मासा ओढतोय की वारा, काही कळत नाही. एका रविवारी एक मासा आमिष खाऊन, माझ्या डोळ्यांदेखत बाजूला होऊन, पुन्हा येऊन उरलेलं खाऊन गेला. मी बघत होतो, पण हाताला कळवणार कोण? मग दुकानातही तेच सुरू झालं. बाइंडरच्या बोटांना दाभण आणि दोरा कळला नाही तर तो करणार काय? शाळेचं हजेरीपुस्तक शिवलं ते मागचं पान पुढे. मुख्याध्यापिकाबाई सज्जन, म्हणाल्या राहू द्या, हल्ली आम्ही शेवटच्या नंबरापासून हजेरी घेतो. पण दुसरं गिऱ्हाईक असं म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पहिल्यांदा मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथे औषधंही मिळतात आणि झाडूही मिळतात. मी म्हटलं, मुंग्यांवर काही आहे का? दुकानदाराने विचारलं, काळ्या की लाल? आता मुंग्यांना रंग असतो हे मला माहीत होतं, पण हातातल्यांना असतो हे नव्हतं. मी बोटं निरखून पाहिली, तांबूस वाटली, म्हणून लाल सांगितल्या. त्याने पुडा दिला. घरी येऊन मी सूचना वाचल्या, तर पहिलीच सूचना, हाताला लागू देऊ नये. मी अर्धा तास त्या वाक्यावर विचार करत बसलो. हाताचं औषध हाताला न लावता लावायचं कसं? शेवटी हिने पुडा ओढून घेतला आणि ओट्याखाली टाकला. आमच्याकडे आता मुंग्या फक्त माझ्या हातात आहेत.

मग न्हाव्याने दाढी करता करता बोटं ओढून दिली. कट कट आवाज आला, बरं वाटलं, पण त्याने डावा हात ओढला होता हे मला घरी आल्यावर कळलं. (मीच पुढे केला असणार. त्याला दोष नाही.) त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या पोहण्याच्या मास्तरांनी सल्ला दिला की हात डोक्यावर नेऊन जोरजोरात झटकायचा, रक्त फिरतं. मी रविवारी बंधाऱ्यावर उभा राहून झटकला. पलीकडच्या काठावर एकजण गळ टाकून बसला होता, त्याने हात हलवला. मी पुन्हा झटकला, त्याने दोन्ही हात हलवले. तिसऱ्यांदा झटकल्यावर त्याने आपली काठी ठेवली आणि तळ्याला अर्धा वळसा घालून धापा टाकत माझ्यापर्यंत आला, काय झालं, कुणी बुडतंय का विचारायला. मी सांगितलं, हाताला मुंग्या येतात. तो मटकन खाली बसला. मला वाटलं रागावला. तर म्हणाला, मलाही येतात! पण त्याच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला. माझी तीन, त्याची दोन. (अंगठ्याला बोट धरलं तर तीन. अंगठा बोटात धरतात ना? तुमचं मराठी चोख, जरा कळवा.) म्हणजे आम्ही दोघे मिळून एक पुरता बधिर हात होतो. त्याचा इलाज असा की काठी डाव्या हातात धरायची. मी धरली. मग रिळाची मूठ उलट्या बाजूला आली, मी गुंडाळतोय समजून दोर सोडत राहिलो आणि दोराचं तरंगतं बूच पार त्याच्या काठाला जाऊन लागलं.

शेवटी हिने मला व्यायामवाल्या बाईंकडे पाठवलं. रबरी चेंडू दाबायला लावतात त्या. बाईंनी फोनवर सांगितलं की येताना काठी घेऊन या, तुम्ही ती कशी धरता ते बघायचंय. पत्ता दुसऱ्या मजल्यावरचा आणि जिना वळणाचा. काठी वळेना. मी वर, काठीचं टोक खाली, आणि मध्ये कंबर धरलेले एक गृहस्थ, त्यांना धड चढता येईना की उतरता येईना. दवाखान्यात पोहोचलो तर काठी पंख्याला लागेल म्हणून पंखा बंद केला, आणि घामाघूम झालेले सगळे रोगी माझ्याकडे असे बघायला लागले की त्यांची दुखणी मीच आणली. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, काठी धरायला लावली, मनगट दाबलं, कोपर हलवलं. मनगट वाकडं ठेवता, म्हणाल्या. मुठीत काठी आवळता, त्यामुळे आतली शीर दबते. मग काठीचं टोक धरून म्हणाल्या, आता सोडा.

साडूबुवा, मी काय केलं असेल? मी बाटली शोधायला लागलो!

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण बाईंनाही मी तिथेच सगळं सांगितलं (बाहेर रोगी ताटकळले होते, पण दार उघडं असल्यामुळे त्यांनीही ऐकलं). त्या रविवारी तुम्ही काठी माझ्याकडे दिलीत, चष्मा पुसायला. दुर्बिणीतल्या भिंगासारखा तुम्ही तो चष्मा पुसता, वेळ लागतो. तेवढ्यात मासा लागला. तुम्ही जाळी आणायला धावलात आणि धावता धावता ओरडलात, सोडा! सोडा! आता तुम्ही दोर सोडा म्हणत होतात, हे मला आज कळतं. पण त्या वेळी आपल्या पिशवीत सोड्याच्या दोन बाटल्या होत्या, तुमचा श्वास लागला होता, तुम्ही वडील माणूस. मी म्हटलं, घशाला कोरड पडली असेल. अशा वेळी कशाला हवाय सोडा, असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू, पण वडिलांना उलट विचारायचं नाही. मी काठी दोन दगडांत खोचली, बाटली काढली, फोडली आणि तुमच्यापुढे धरली. मागे वळून बघतो तो काठी नाही. तुमची काठी, जी तुम्ही बायकोपेक्षा जपून घडी घालून ठेवायचात! (हे वाक्य ताईंना वाचून दाखवू नये.)

तुम्हाला वाटलं असणार, मी घाबरून टाकली. किंवा निष्काळजीपणे. नाही हो. दोष द्यायचाच तर तुमच्या अहो-जाहोला द्यायला हवा. बावीस वर्षं तुम्ही मला अहो म्हणता. कुत्रं वाटेत बसलं तर त्यालाही तुम्ही ‘जरा सरका’ म्हणता. तुम्ही नुसतं ‘सोड’ म्हणाला असतात, तर जगात कुणी बाटली शोधली नसती. मानाने आपला घात केला.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. (बाहेरचे हसले. कंबरवाले गृहस्थ तर कंबर धरून हसले.) बाई म्हणाल्या, एकदा काठी गेली म्हणून तुम्ही आता जन्माची धरून बसलाय, हात बधिर होईल नाही तर काय. मग त्यांनी शिकवलं. मनगट सरळ. कोपर अंगाशी. काठीचं बूड हाताखाली टेकलेलं. काठी इतकी सैल धरायची की कुणी मागितली तर सहज देता यावी. दर दहा मिनिटांनी ती खाली ठेवायची, बोटं पसरायची, मिटायची, मनगट गोल फिरवायचं. मी सगळं लिहून घेतलं, फक्त गोल उजवीकडून की डावीकडून, तेवढं राहिलं. काल बंधाऱ्यावर करून पाहिलं. सैल धरली, मुंग्या आल्या नाहीत. पण दहा मिनिटं झाली आणि काठी खाली ठेवायची वेळ आली, तेव्हा मी बाजूला बघितलं. ठेवू कुणाच्या भरवशावर? शेजारचा दगड रिकामा. मी पुन्हा आवळून धरली आणि मुंग्या परत आल्या. असं आहे हाताचं. बाकी सर्व ठीक. ताईंना नमस्कार.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : अक्षर वाईट आलं असेल तर क्षमा असावी. बाईंच्या सांगण्यावरून दर दहा मिनिटांनी पेन खाली ठेवत होतो, आणि दर वेळी कुठवर आलो होतो ते विसरत होतो. काही गोष्टी दोनदा आल्या असतील, काही एकदाही नसतील.

ता. क. दुसरा : रविवारी येता का? हे विचारायलाच पत्र लिहायला बसलो होतो, मध्ये हात आला. हाताचं निमित्त आहे, साडूबुवा. सात महिने मला तुमच्यावाचून करमलेलं नाही. आणि आलात तर मला तू म्हणा. मी तुम्हाला म्हणणार नाही, तुम्ही वडील. पण मासा लागला असताना मला कुणी मान देऊ नये.

ता. क. तिसरा : घरी आल्यावर, पाकीट चिकटवायच्या आत तुमच्या मेहुणीने पत्र वाचलं. ती मला म्हणते, “सोड्याचं भाऊजींना त्याच दिवशी कळलं, मी ताईला सांगितलं, ताईने त्यांना. काठीचा त्यांना राग नाहीच. त्यांना तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते, कारण काठी गेल्यावर ते भर बंधाऱ्यावर तुम्हाला ‘अरे गाढवा’ म्हणाले.” मी म्हटलं, छे, ते मला नव्हे. पलीकडे एक गाढव चरत होतं, त्याला म्हणाले. हिने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला आणि उठून आत गेली.

साडूबुवा, ते मला होतं? सात महिने मला त्या गाढवाची दया येत होती, की याचा यात काय दोष! म्हणजे बावीस वर्षांत तुम्ही मला एकदा घरच्या माणसासारखी हाक मारलीत आणि ती मी त्या जनावराला देऊन टाकली. मग लाजताय कशाला? रविवारी सहाला या. काठी तुमच्या हातात देईन. पण आल्याबरोबर ‘कसे आहात’ म्हणालात, तर देणार नाही.