गाणं अडकतं तिथे

डेल्फझाइल, १४ नोव्हेंबर

प्रिय गेस्केताई,

‘तू नसलीस तरी या घरात गाणं वाजेल,’ असं बाबा तुला दारात म्हणाले होते. आई अंथरुणाला खिळलेली असताना तू दूर बर्गनची नोकरी धरलीस, त्या दिवशी.

तुझं बरं चाललं असेल. इथे वारा फार आहे, समुद्राच्या बांधावर उभं राहवत नाही. ते वाक्य आठवायचं कारण तसं किरकोळ आहे. आपला जुना सीडी प्लेअर बिघडलाय. दुरुस्त करावा की नवा घ्यावा, मोठ्या बहिणीला विचारावं म्हटलं.

शनिवारी वस्तीच्या सभागृहात हार्म नावाचे निवृत्त गृहस्थ लोकांच्या मोडक्या वस्तू नीट करून देतात. आत डोकावून म्हणाले, ‘बाई, याची नजर गेलीय. माझीही गेलीय म्हणा, पण मला चष्मा तरी मिळतो.’ दुसऱ्या यंत्रातलं भिंग बसवतो म्हणाले. ‘मग बघा, कुठेच अडकणार नाही.’

ते ऐकलं आणि मी प्लेअर उचलून घरी परत आणला.

आईच्या चर्चमधल्या गायनवृंदाची सीडी आठवते? तिसऱ्या गाण्यात आई एकटी गाते, तिथेच ती अडकायची. तू स्वयंपाकघरातून धावत येऊन लाकडी जमिनीवर पाय आपटायचीस, की गाणं पुढे सरकायचं. ‘अहो, एकदा दाखवा कुणाला तरी,’ आई म्हणायची. ‘कशाला? गेस्के आहे ना!’ बाबा म्हणायचे.

अजून तिथेच अडकते. बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतात. मी पाय आपटते, पण गाणं हलत नाही. ‘तुम्ही नका, नर्सबाई,’ ते मला म्हणतात. ‘ती येईल आता.’

शेजारणीचा नवा प्लेअर लावून पाहिला. गाणं सरळ शेवटपर्यंत गेलं. ते संपल्यावरही बाबा दाराकडेच बघत होते. मग रडायला लागले, लहान मुलासारखे.

ते बरे आहेत असं मी तुला दर कार्डात लिहिते, ते खरं नाही. कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन लगेच डबा बंद करणारा माणूस, ताई. आता त्यांचं स्वतःचं ते एकही बशीत तसंच राहतं. डॉक्टर म्हणाले, ‘नाताळपर्यंत थांबू नका, झाड यंदा लवकर आणा.’

हार्मना मी काही कळवलेलं नाही. दुरुस्त केला तर ती जागा जाईल. नवा घेतला तरी जाईल. आणि तसाच ठेवला, तर बाबा वाट बघतच जातील.

एकदा ये. बाबांशी बोलू नकोस, कुणाला माफ करू नकोस, कोटसुद्धा काढू नकोस हवं तर. फक्त जमिनीवर पाय आपट. गाणं हललं नाही, तर मी मागून बटण दाबीन.

आईच्या शेवटच्या वेळीही तू यायला नाही म्हणाली होतीस. आताही म्हणशील, माहीत आहे मला. तरी ये.

तुझी,
या घरात जिला कुणी ओळखत नाही ती,
फ्राउके