ट्रेमधल्या कपबश्या

अंबड. रविवार, संध्याकाळ. १९९८

थकलोय. आज सुमीला बघायला पाहुणे आल्ते. ती चहा घेऊन आली तेव्हा ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. मुलाची आई हसून म्हणाली, "पोरगी लाजाळू हाये." पसंती झाली.

अण्णांचं दुखणं कपबशीच्या आवाजानंच सुरू झाल्तं. लोक दारू म्हणायचे. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे बापाकडून लेकरांत येऊ शकतं. हातांवरचा ताबा सुटायच्या कितीतरी आधी मेंदूच्या भागांचं आपसातलं बोलणं तुटत जातं. सुमीला हे सांगायला आईचा जीव झाला न्हाई. आजची लाजच असंल ना?

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात डोकावलो. सुमी तोच ट्रे धरून उभी होती. कपबश्या वाजत होत्या. मला बघून म्हणाली, "दादा, आता तर समोर कुणीच न्हाई."