नियम अकरा

रविवार, ३ मार्च

चि. टिल्लू,

आशीर्वाद. माझा रक्तदाब ठीक आहे, गुडघा ठीक आहे आणि गॅलरीतला नळ गळायचा थांबला आहे. पहिल्या तारखेच्या फोनवर तू जे तीन प्रश्न विचारतोस त्यांची उत्तरं अशी आधीच दिली, म्हणजे पत्रात जागा उरते. काचांच्या कारखान्यात तुला रात्रपाळी नाही ना आता? डोळ्यांना जप. लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासता घासता तुलाच चष्मा लागायचा.

पत्र कामाचं आहे. सोबत आपल्या अंतराळयानाच्या, फाशांच्या खेळाच्या वहीतल्या एका पानाची प्रत पाठवते आहे. वहीच्या पहिल्या पानावर आपण चौघांनी लिहून ठेवलंय की टेबलावरच्या सगळ्यांच्या सह्यांशिवाय एकही नियम बदलायचा नाही. मला एक नियम काढून टाकायचा आहे. त्यासाठी तुझी सही हवी.

नियम अकरा, जसा आहे तसा उतरवते: ‘सलग सहा बैठकांत जे कौशल्य वापरलं गेलं नाही, त्याचा एक गुण कमी होईल. खेळाडू गैरहजर असला तरी बैठक धरली जाईल.’

हा नियम माझाच. खेळाच्या विकतच्या पुस्तकात सगळं फार सोपं होतं. यानावरच्या माणसाने एकदा कौशल्य मिळवलं की ते जन्मभर त्याचं. मी म्हटलं, असं कसं? सत्तावीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली मी. न वापरलेला तराजू कपाटात बसल्या बसल्या खोटं बोलायला शिकतो. बाबा म्हणाले, “झालं! आता अंतराळातही हिचा शिक्का.” पण सही त्यांनीच पहिली केली.

काल त्या पुस्तकातली मूळ यादी चाळली. चाळीस कौशल्यं होती, आपण एकोणीसवर आणली. ‘यंत्रदुरुस्ती’ हे एकच कौशल्य बघून टेलरकाकू किती भडकली होती! “वहिनी, इंजिन दुरुस्त करणारा हात वेगळा आणि अंतराळातला पोशाख सांधणारा हात वेगळा. पुस्तक लिहिणाऱ्याने सुई धरलेली नाही कधी.” मग आपण ‘लोखंडाचं काम’ आणि ‘कापडाचं काम’ अशी दोन कौशल्यं केली. बाबांनी स्वतःच्या वैमानिकासाठी ‘थापा मारणे’ घालून घेतलं आणि पहिल्याच दिवशी त्यात पाच गुण टाकले. तू तुझ्या डॉक्टरसाठी ‘शस्त्रक्रिया’ घेतलीस आणि ‘धीर देणे’. मी सूत्रधार, संकटं आणणारी. मला कौशल्यं नव्हतीच.

हल्ली रविवारी आम्ही दोघीच बसतो. चार वाजता टेलरकाकू शिवणाच्या दुकानातून येते, बाह्यांवर दोऱ्यांचे तुकडे तसेच. “दोघींनी यान कसं चालवायचं हो वहिनी? मी इंजिन बघते, तुम्ही पोकळी बघा,” असं म्हणते. तासाभरात फासे आवरतो. टेबलाची जोडफळी मी काढून ठेवली आहे. एवढं मोठं टेबल पुसायला लागत नाही.

तीही महिनाअखेरीस बहिणीकडे कायमची राहायला जाते आहे. दुकानाच्या काचेवर ‘भाड्याने देणे’ लागलं. मला तिने माझा जुना कोट उसवून, आतून नवं अस्तर लावून दिला. शिलाई घेतली नाही.

पानावर टेलरकाकूची सही झाली आहे. बाबांच्या जागी मी आडवी रेघ मारली आहे. तुझी जागा उजवीकडे, खाली. परतीचा लिफाफा तिकीट लावून आत ठेवला आहे, तेव्हा सबब चालणार नाही.

आई

•

गुरुवार, १४ मार्च

चि. टिल्लू,

आशीर्वाद. लिफाफा मिळाला. सही झाली आहे, जागेवर आहे. खाली तू पेन्सिलीने लिहिलंस, ‘टेलरकाकू गेल्यावर खेळणार कोण? मग नियम कशाला बदलतेस? आणि तू कधीपासून नियम मागे घ्यायला लागलीस?’

प्रश्न बरोबर आहेत. त्यांच्यावर मी दोन दिवस घालवले. काल स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून काढले, वास्तविक ते स्वच्छ होते.

आधी जे तुला माहीत आहे तेच लिहिते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. तुझा शेवटचा रविवार. मी यानावर उल्कांचा मारा आणला, झडप तुटली आणि बाबांच्या वैमानिकाच्या छातीत तुकडा घुसला. शस्त्रक्रिया तू करायची होतीस. दोन फासे आणि कौशल्याचे गुण मिळून दहा हवे होते. फाशांवर सात पडले. तू म्हणालास, “सात आणि तीन, दहा. वाचवला!” आणि मी वही उघडून म्हटलं, “दोन. सहा बैठका झाल्या, शस्त्रक्रिया वापरली नाहीस. नऊ.”

तू आधी हसलास. तुला थट्टा वाटली.

“आई, एक गुण.”

“नियम अकरा.”

“वहिनी, कागद आहे तो,” टेलरकाकू म्हणाली.

“कागद आहे म्हणूनच.”

बाबा म्हणाले, “अरे, मेलोय मी. मेलेल्याला चहा तरी निवांत पिऊ द्या.” त्यांच्या हाताला तेव्हा सुईची पट्टी चिकटवलेली होती. तू त्या पट्टीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. “ते आजारी आहेत, आई. आज तरी तुला एक गुण सोडता आला नाही?” आणि कोट घेऊन गेलास.

इथपर्यंतचं तुझं आणि माझं सारखंच. आता जे फक्त माझ्याकडे आहे ते.

त्यानंतरच्या मंगळवारी मी वही पुन्हा तपासली. सवय. सहा बैठका मोजल्या आणि तिसरीवर बोट थांबलं. त्या रविवारी तू कारखान्यात होतास. चारला बसलो. वीस मिनिटं झाली असतील, बाबांना फासे उचलता येईनात. बोटं मिटतच नव्हती. ते हसले आणि म्हणाले, “आज यान जड झालंय.” मग खुर्चीतच कलंडले. टेलरकाकूने आणि मी त्यांना धरून आत निजवलं. कोपऱ्यावरचा डॉक्टर आला. आजार आटोक्यात आहे असं आपण सगळे तोवर म्हणत होतो. त्याने तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की तो आटोक्यात नाही.

डॉक्टर गेला. मी टेबल आवरलं. वही उघडी होती. तारखेपुढे दोनच गोष्टी लिहिता येतात, ‘बैठक झाली’ किंवा ‘बैठक झाली नाही’ आणि कारण. मी ‘बैठक झाली’ लिहिलं. टेलरकाकूला म्हटलं, टिल्लूला सांगायचं नाही. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मीच सांगितलं, “खेळ झाला. तू नव्हतास म्हणून रटाळ झाला.”

टिल्लू, सत्तावीस वर्षांत मी एक खोटी नोंद केली नाही. वजनात केसाएवढा फरक निघाला तर दुकानदार हातापाया पडायचे, तरी नाही. ती एकच केली, घरात, पेनाने, कारण पुढची जागा रिकामी होती आणि तिथे कारण लिहावं लागलं असतं.

बैठका पाच झाल्या होत्या. तुझे तीन गुण शाबूत होते. सात आणि तीन दहाच होतात. तू बरोबर होतास.

टेलरकाकूच्या हे लक्षात आलं नाही. तिची टेप फक्त कापडावर चालते. बाबांच्या आलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता तू म्हणशील, मंगळवारी कळलं तर मंगळवारी फोन का नाही केलास? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. बाबा वैमानिकाच्या मरणावर खूश होते हे एक. ते खरंच होते, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगायचे. दुसरं, चूक सांगायची तर तो रविवारही सांगावा लागला असता. पण खरं कारण लहान आहे आणि त्याची मला लाज वाटते. तू शाळेत असताना बेरीज बरोबर आणि एकक लिहायचं राहिलं म्हणून मी तुला गणित परत करायला लावायची. तुझ्यासमोर मला चुकायचं नव्हतं. म्हटलं, येईल पुढच्या रविवारी आपण होऊन, चिडका आहे, विसरेल.

तू नाही आलास. हॉस्पिटलात आलास, रोज आलास, पण टेबलाशी नाही. बाबा घरी होते तोवर आणखी नऊ रविवार खेळले. त्यांनी नवं पात्र केलं होतं, यानात लपून बसलेला एक चोर. दर रविवारी चारला मी फासे काढले की म्हणायचे, “थांब जरा, तुझं घड्याळ पुढे आहे.” घड्याळ बरोबर होतं. मी ते दर शनिवारी लावते. मी त्यांना तसं सांगायची. ते म्हणायचे, “असेल. तरी पाच मिनिटं थांबू.” नऊ वेळा. आणि तू का येत नाहीस ते त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण ते कसं मिटेल ते फक्त मला. एका फोनचं काम होतं. माझ्या उजव्या हाताशी होता तो फोन.

ते नऊ रविवार तुझे होते. मी ते घेतले.

तेव्हा नियम कशाला बदलते याचं उत्तर असं: नियमाचं काही नव्हतं. पत्र सुरू करायला मला काहीतरी कामाचं लागत होतं. नियम चांगला आहे, मी तो ठेवणार आहे. नोंद मात्र सुधारली. प्रयोगशाळेत करायचो तशीच. जुनं वाक्य वाचता येईल असं खोडलं आणि बाजूला लिहिलं, ‘बैठक झाली नाही. हे आजारी पडले.’ खाली आजची तारीख आणि माझी सही. त्या हिशेबाने वैमानिक जगला. त्याचा आता कुणाला उपयोग नाही, पण चुकीचं राहू देणार नाही.

‘माफ कर’ असं लिहीत नाही. लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तू सौजन्याने देशील. ते मला नको आहे. तू फोनवर चार मिनिटं फार सौजन्याने बोलतोस.

ये. रविवार असलाच पाहिजे असं नाही. फासे काढणार नाही, कपाटात राहतील. तुला जे म्हणायचं आहे ते समोर बसून म्हण, आवाज चढवून म्हण. शेजारी ऐकतील तर ऐकू देत. मधे बोलणार नाही, आणि तुझं एकही वाक्य सुधारणार नाही. जेवायला थांबला नाहीस तरी चालेल. दार मी आतून नुसतं लोटून ठेवते हल्ली, बेल वाजवावी लागणार नाही.

जिने हे त्याच मंगळवारी सांगायला हवं होतं, ती,

तुझी आई