वर्गविहीन टाकी

१ जानेवारी, सकाळी सहा
रोज लिहायचं. कुणावर रागवायचं नाही. भाषण वीस मिनिटांत आटोपायचं. आणि या वर्षी फिशमील संपवायचं. आपल्या संशोधन केंद्रापुरतं नव्हे, जगातून.

मुद्दा साधा आहे, तरी अठरा वर्षं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. समुद्रातून टनावारी बारकी मासळी उपसायची, वाळवायची, दळायची आणि ती भुकटी, म्हणजे फिशमील, पिंजऱ्यातल्या मोठ्या माशाला चारायची. हॉटेलातल्या एका ताटासाठी बंदरावरची पाच ताटं रिकामी. याला लोक मत्स्यपालन म्हणतात. मी दरोडा म्हणतो. बायको म्हणते, हे वाक्य मी तिला लग्नाआधीही ऐकवलं होतं.

४ जानेवारी
ट्रायल सुरू. सहा टाक्या, प्रत्येकीत जिताड्याची शंभर पिल्लं, बोटाएवढी. तीन टाक्यांना जुनं फिशमीलचं खाद्य. तीन टाक्यांना माझं: सोयाबीनची पेंड, मका, शेवाळ. मासळीचा कणही नाही. बारा आठवडे. २९ मार्चला निकाल तपासायला कमिटी येणार.

पास झालो तर केंद्राला पाच वर्षांचा प्रकल्प, आणि प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंना कायमची नोकरी. बाई अकरा वर्षं कंत्राटावर आहेत. दर ३१ मार्चला कंत्राट संपतं आणि दर १ एप्रिलला त्या नव्या पत्रासाठी संचालकांच्या दारात उभ्या असतात. मी शब्द दिला, हे शेवटचं.

७ जानेवारी
बाईंशी तात्त्विक मतभेद. दर आठवड्याला पिल्लं चाळणीतून काढून मोठी एकीकडे, लहान दुसरीकडे करायची पद्धत आहे. नाहीतर जिताड्याचं पिल्लू आपल्याहून लहान भावंडाला गिळतं, असं बाईंचं म्हणणं. पुस्तकांतही तसंच आहे. पण ती सगळी पुस्तकं फिशमीलवर पोसलेल्या माशांबद्दल आहेत. जन्मल्यापासून मासळी चारली तर तो मासळीच मागणार. दोष माशाचा नाही, संस्काराचा. लहान-मोठा हा भेद आपण टाकीत आणतो. माझ्या टाक्यांत वर्ग नसतील. (तुलना न्याय्य हवी, म्हणून जुन्या खाद्याच्या टाक्यांतही चाळणी बंद.)

पाऊण तास बोललो. बाई म्हणाल्या, बरं सर. माणसाला असं मुळातून पटलं की समाधान वाटतं.

२५ जानेवारी
प्रत्येक टाकीतून वीस मासे काढून वजन. जुनं खाद्य पुढे. नवा विचार अंगी लागायला वेळ लागतोच. बाई सांगतात, माझं खाद्य तळाशी तसंच पडून राहतं. संयम. पोट भरल्यावर थांबणं माणसाला जमत नाही, माशाला जमलं. दुपारी जेवताना मी तिसऱ्यांदा भात घेतला. उद्यापासून बंद.

१५ फेब्रुवारी
माझ्या टाक्यांचं सरासरी वजन जुन्यांच्या पुढे गेलं. बाईंना तीनदा बेरीज करायला लावली. बरोबर आहे.

शिवाय मरतूक शून्य. सहा आठवड्यांत माझ्या टाक्यांत एकही मेलेला मासा तरंगताना सापडलेला नाही. जुन्या खाद्याच्या टाक्यांत अकरा सापडले. संचालकांना फोन केला. ते म्हणाले, वा. एवढंच. जळतात.

बाईंचा चेहरा मात्र पडलेला. म्हणाल्या, "सर, मेलेला मासा सापडत नाही ही चांगली खबर नाही. एकदा टाकी उपसून डोकी मोजू या."
मोजणीचा माशांना ताण येतो, वाढ खुंटते. मोजणी शेवटी. ठाम नकार.

२२ फेब्रुवारी
वीस मासे धरायला पूर्वी जाळ्याची एक फेरी पुरायची, आता पाच माराव्या लागतात, अशी बाईंची तक्रार. मी टिपून घेतलं: नव्या खाद्याने चपळता वाढते. भाषणात घालायचं. बाईंचे हात भरून येतात म्हणून सॅम्पल वीसवरून दहावर आणलं.

शेवाळामुळे पाणी हिरवंगार झालंय, तळ दिसत नाही. बघून मन प्रसन्न होतं.

एका माशाचं वजन बाकीच्यांच्या तिप्पट भरलं. अशा समाजात नेतृत्व आपोआप पुढे येतं.

१ मार्च
बायकोला ग्राफ दाखवला. ती शाळेत शिकवते, ग्राफ कळतात तिला. तिनं विचारलं, मासे किती आहेत? म्हटलं, प्रत्येक टाकीत शंभर. कुणी सांगितलं? मीच सोडले होते. त्यावर ती म्हणाली, सहलीला जाताना चाळीस पोरं होती एवढ्यावर मी परतीची बस सोडत नाही, हजेरी घेते.
मास्तरकीनं माणूस संशयी होतो. विषय बदलला.

८ मार्च
पाठीत सुरा. बाईंनी लेखी अर्ज दिला: तिन्ही टाक्यांची तातडीने मोजणी व चाळणी व्हावी. मी शेरा मारला: अनावश्यक, ट्रायल बिघडेल. सही, तारीख.

मग रागावलो. (संकल्प मोडला. कारण सबळ.) बोलावून सुनावलं, की प्रत्येक चळवळ बाहेरच्या शत्रूनं नाही, आतल्या शंकेखोरांनी मारली आहे. बाई उभ्याच होत्या. त्यांनी ओले हात ॲप्रनला पुसले.
"सर, मला चळवळ नको. नोकरी हवी आहे. मासे उरले तर ती राहील."
दृष्टी मर्यादित. मनानं चांगल्या.

१८ मार्च
सॅम्पल पाचावर. लहान सॅम्पल काळजीपूर्वक मोजता येतं. सरासरी अफाट.

२८ मार्च
भाषण तयार. पन्नास मिनिटं. बायकोपुढे म्हणून दाखवलं, ती वह्या तपासत होती. तिच्या सूचनेवरून काटछाट केली. आता अठ्ठेचाळीस.

२९ मार्च, सकाळी सात
आज फिशमीलचा शेवटचा दिवस.

२९ मार्च, दुपारी चार
पस्तिसाव्या मिनिटाला, 'बंदरावरची पाच ताटं' सुरू असताना, कमिटीचे अध्यक्ष उठले. म्हातारे गृहस्थ. पँट दुमडली, माझ्या पहिल्या टाकीच्या कडेला आले आणि म्हणाले, पाणी काढून टाका.

बाईंनी व्हॉल्व्ह उघडला. पाणी कमरेखाली आलं, गुडघ्याखाली आलं. मासे दिसेनात. मी म्हणालो, तळाशी विश्रांती घेत असतील. पाणी घोट्याशी आलं.

सात. मोठे, तुकतुकीत. एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आली होती. ती अजून हलत होती.

दुसऱ्या टाकीत नऊ. तिसरीत सहा. जुन्या खाद्याच्या टाक्यांत एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी.

अध्यक्ष अगदी हळू म्हणाले, "तुम्ही बावीस मासे वाढवलेत आणि त्यासाठी पावणेतीनशे मासे चारलेत. फिशमील याहून काटकसरीचं असतं."

कमिटीतले दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्या व्हॉल्व्ह बंद करत होत्या.

३० मार्च
हा विचाराचा पराभव नाही. विचार बरोबरच आहे, माशांनी दगा दिला.
अहवालात मात्र कमिटीनं लिहिलंय की फिशमीलला सध्या पर्याय दिसत नाही. म्हणजे बारकी मासळी दळली जातच राहणार, आणि पुढे कुणी पर्यायाचं नाव काढलं की माझ्या तीन टाक्या दाखवणार. हे वाचून तासभर काही सुचलं नाही.

३१ मार्च
संचालकांनी खुलासा मागितला: मोजणी का झाली नाही? खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो. मोजमापाचं दैनंदिन काम नियमाप्रमाणे सहायकाकडे असतं. हे खरं आहे. तेवढंच लिहिलं.
बाईंचा ८ मार्चचा अर्ज फाइलमध्ये मिळत नाही, असं ऑफिसचं म्हणणं. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मला कुणी विचारलं नाही.

१ एप्रिल
बाईंना पत्र मिळालं नाही. संचालकांचा नाइलाज. माझाही. मी कायम आहे, पण मला अधिकार कुठले?
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाईंचा तो अर्ज संचालकांना दे. म्हटलं, बघू. माझं ताट वाढून ती वह्या तपासायला आत गेली.

३ एप्रिल
बाई अनुभवाचा दाखला मागायला आल्या. दुसरीकडे अर्ज करायचाय. मी ताबडतोब बसलो, हातानं लिहिला, मनापासून लिहिला: कष्टाळू, वक्तशीर, प्रामाणिक. शेवटी खुलाशाशी विसंगती नको, म्हणून एक ओळ घालावी लागली: मोजणीच्या कामात अधिक दक्षता हवी.

बाईंनी उभ्यानं वाचला. त्या ओळीवर थांबल्या नाहीत. नजर परत वरच्या ओळींकडे नेली.
"सर, माझी इथं अकरा वर्षं झाली. तुम्ही नऊ लिहिलीत."

पेन त्यांचंच होतं. त्यांनीच आकडा खोडून बरोबर केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी बाजूला सही केली.