ब्रेट सही करत नाहीत

९ जानेवारी १९९४, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम करणाऱ्या माणसाची रोजनिशी असावी लागते. नंतर लोक शोधत बसतात.

निर्णय झाला. कॅप्लिन बेटावर डॉक्युमेंटरी करणार. एकेक तासाचे चार भाग. सत्तावीस वर्षांपूर्वी सरकारने आमचं बेट रिकामं करवलं. लोकांनी घरंसुद्धा बोटींना बांधून पाण्यावरून ओढत इकडच्या किनाऱ्याला आणली. आणि यावर आजवर कुणी धड फिल्म काढलेली नाही! हीरो: माझे वडील, अझराया ब्रेट. बेट सोडायच्या सरकारी कागदावर त्यांनी मरेपर्यंत सही केली नाही. बेट सोडणारे ते शेवटचे.

नियम: रोज स्क्रिप्टची पाच पानं. फिल्म पुरी होईपर्यंत रमला हात नाही.

कॉड मासे पकडायला बंदी आली, मी कामाला होतो तो फिश प्लांट बंद पडला, तेव्हापासून वेळच वेळ आहे. व्हर्ना म्हणते, मग आधी जिन्याची मोडकी फळी बदल. बायकोला इतिहास समजावण्यापेक्षा खडकाला समजावावा.

११ जानेवारी, मंगळवार

केबल चॅनलवर जाऊन आलो. चॅनल म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली. कॉलीन पेनी नावाची पंचविशीतली मुलगी मॅनेजर आहे; कॅमेरा, एडिटिंग आणि केर काढणं तिच्याकडेच. ती म्हणाली, हेडलीकाका, चार तास नाही हो, अठ्ठावीस मिनिटं. गुरुवारी साडेसहाला, बिंगोच्या आधी.

आधी राग आला. वाटेत विचार केला. बिंगोला अख्खं गाव कार्डं घेऊन टीव्हीसमोर बसतं. म्हणजे मुलीने मला सगळ्यात मोठा प्रेक्षक दिला. तिची पारख चांगली आहे.

स्क्रिप्ट: शून्य पानं. पण नाव ठरलं, ‘ब्रेट सही करत नाहीत’. नाव ठरलं की निम्मं काम झालं.

१५ जानेवारी, शनिवार

शूटिंगचा पहिला दिवस. मी खडकावर उभा, समोर समुद्र, पलीकडे बेट. (बेट धुक्यात होतं. मी बोट दाखवलं.) पाठ कॅमेऱ्याकडे. हे मुद्दाम. माणूस भूतकाळाकडे बघतो आहे. अकरा टेक.

कॉलीनने ऐकवलं तर नुसता वारा. माझा एक शब्द नाही. मी म्हटलं, बेटाचा आत्माच बोलतोय. ती म्हणाली, काका, आत्मा फार बोलतोय, तुम्ही पुन्हा या.

पुन्हा जाणार नाही. कलाकृतीला सारखं हात लावायचे नसतात.

घरी आल्यावर रम, दोन घोट. दात वाजत होते. औषध मोजायचं नसतं.

१९ जानेवारी, बुधवार

अल्बर्टाहून डोरीनचा फोन. जावयाच्या ओळखीने गोदामात काम आहे, बाबा, दोघंही या, खालची खोली रिकामीच आहे. लेकीचा आवाज ऐकून व्हर्ना विरघळली. मी ठणकावून सांगितलं, ब्रेट जागचे हलत नाहीत. माझ्या बापाला सरकार हलवू शकलं नाही, मला गोदाम काय हलवणार?

व्हर्ना म्हणाली, हलवू शकलं नाही, तर मग आपण बेटावर का नाही?

तिचं माहेर इथलंच. तिला यातलं काय कळणार!

२७ जानेवारी, गुरुवार

ट्रायफीना मावशीची मुलाखत. कॅप्लिन बेटावरच्या सगळ्या पोरांची ती मावशी. वय शहाऐंशी, दात दोन, स्मरणशक्ती मला वाटतं दीड. कॉलीनने चुलीपाशी दिवा लावला. मावशीने चहा दिला, डब्यातलं दूध घातलेला, वर गुळाच्या पाकातल्या तळलेल्या पोळ्या. चार खाल्ल्या. इथवर सगळं उत्तम.

मग मी विचारलं, मावशी, सरकारचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा माझे वडील काय म्हणाले?

मावशी म्हणाली, काय म्हणणार? पेन दे म्हणाला.

मी म्हटलं, म्हणजे त्याच्या अंगावर फेकायला?

अरे हेडल्या, सही करायला! पहिली सही अझरायाची. याच टेबलावर. आम्ही सगळे बघत राहिलो. माझा नवरा त्याच्याशी वर्षभर बोलला नाही.

मी सांगितलं, पण बाबा सगळ्यांच्या शेवटी निघाले. मावशी म्हणाली, निघाला पहिलाच होता. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. दुरुस्त होईपर्यंत बाकीचे पुढे गेले.

कॉलीन हसत होती. कॅमेरा हलला असेल तर तिची चूक.

त्यावर मावशी आपणहून म्हणाली, पण का केली ते विचार ना. मी म्हटलं, वेळ संपली. कॉलीन म्हणाली, टेप भरपूर आहे.

मावशी म्हणाली, या पोरापायी. बेटावर शाळा आठवीपर्यंत. मास्तरीण अझरायाला म्हणाली होती, तुझा हेडली हुशार आहे, त्याला पुढे शिकव. अझराया म्हणाला, समुद्र काय, तिकडेही आहे. शाळा इथे नाही.

चहा गार झाला होता. निघालो.

३० जानेवारी, रविवार

म्हाताऱ्यांच्या आठवणीवर इतिहास उभा करू नये, हे तत्त्व ठरवलं. खातरजमा म्हणून ओंटारियोला एफीला फोन केला. थोरली बहीण, पण सगळ्या जगाची हेडमास्तरीण.

एफी म्हणाली, हो, बाबांनीच पहिली सही केली. तुला माहीत नाही? आईने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला होता. आणि तू काय केलंस? दहावीत शाळा सोडून फिश प्लांटला लागलास. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. बोलायला हवे होते.

लांब पल्ल्याचा फोन महाग पडतो. ठेवून दिला.

एफीला मुळात माझा मत्सर आहे.

५ फेब्रुवारी, शनिवार

कॉलीनला स्पष्ट सांगितलं, मावशीची टेप पुसून टाक. ती म्हणाली, काका, दुसरं काही ऐकूच येत नाही. बाकी नुसता वारा आणि तुमची पाठ. मावशीचं आहे तेच सोनं आहे.

मी म्हटलं, मग माझं नाव काढ. ती म्हणाली, नाव तर वडिलांचं आहे.

तिला दहा दिवसांची मुदत दिली. मुदत म्हणजे मुदत.

१६ फेब्रुवारी, बुधवार

मुदत संपली. आणखी वाढवणार नव्हतो, पण तिला सर्दी झाली आहे. माणुसकी म्हणून वाढवली.

पर्यायी योजना: मावशीच्या बोलण्यावर माझा आवाज चढवायचा. ‘पण सत्य काय आहे?’ असा. घरी टेपरेकॉर्डरवर सराव केला. व्हर्ना शेजारच्या खोलीतून म्हणाली, काय आहे?

रम. मोजली नाही.

२ मार्च, बुधवार

उद्या दाखवणार. आवाज भरायला गेलोच नाही. बर्फ होता. (रस्ता साफ होता. पण बर्फ होता.)

ठरवलं आहे: उद्या टीव्ही लावायचा नाही. हा निषेध समजावा.

४ मार्च, शुक्रवार, सकाळी

टीव्ही व्हर्नाने लावला. मी खोलीत होतो, एवढंच.

अख्ख्या फिल्ममध्ये मी नऊ सेकंद. पाठमोरा. नाव मात्र तेच ठेवलं होतं, ‘ब्रेट सही करत नाहीत’, आणि लगेच खाली मावशी: पेन दे म्हणाला. शेजारच्या घरातलं हसणं भिंतीतून ऐकू आलं.

पण मग ती शाळेचं सांगू लागली आणि शेजार गप्प झाला. कॉलीनने त्या जागी बाबांचा बोटीवरचा फोटो दाखवला. कुठून मिळवला कोण जाणे. एफीने पाठवला असणार.

फिल्म चार मिनिटं लांबली. सात फोन आले, पैकी सहा बिंगोचे पहिले आकडे चुकले म्हणून. सातवा ट्रायफीना मावशीचा. म्हणाली, हेडल्या, मागून बरा दिसतोस.

व्हर्नाने बटाटे सोलायला घेतले. अल्बर्टाचं नाव तिने काढलं नाही. शेवटी मीच काढलं. म्हटलं, ती खोली गरम असते का, विचार डोरीनला. नुसतं विचारायला काय जातं. ती हो म्हणाली आणि बटाटा सोलत राहिली. मग विचारलं, तुला सहीचं खरंच माहीत नव्हतं?

एफीचा फोन ठेवून देता येतो, कॉलीनला मुदत देता येते. व्हर्ना अशी हळू विचारते, तिथे काही चालत नाही.

माहीत होतं. मावशीने कॅमेऱ्यासमोर एवढं मात्र सांगितलं नाही, माझी लाज राखली. मी तिथेच होतो, पंधरा वर्षांचा, दाराला टेकून. बाबांनी सही केली, पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघितलं. मावशीचा नवरा उठून बाहेर गेला.

मी हसलो होतो. इकडे वीज होती, रस्ते होते, टीव्हीवर हॉकी होती. त्या खोलीत मी एकटाच खूश होतो.