दुर्बिणीचा श्वास

प्रिय नाकोबा,

या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. दवाखान्यात येणारी माणसं अदबीने डॉक्टरसाहेब म्हणत असतील, आणि तू त्यांच्या कानातला मळ काढून त्यांना मार्गी लावत असशील. माझ्यासाठी तू नाकोबाच आणि तुझ्यासाठी मी डोकेफोड्या. फोन करून पाहिला. तू उचलत नाहीस, याची मला आता सवय झाली आहे. पत्र माणूस फाडण्याआधी निदान एकदा उघडतो, या आशेवर लिहितोय.

आधी बातमी सांगतो. अक्काला गाठ झाली आहे. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, आपल्या नेहमीच्या जागी. वर वाढत जाऊन तिने डोळ्यांच्या नसा ताणल्या आहेत, आणि उजवीकडे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला मिठी मारून बसली आहे. फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा मला आधी गाठ दिसलीच नाही, ती मिठी दिसली. तू असतास तर तुलाही तेच आधी दिसलं असतं.

तुला आठवतं, अक्का कशी शिवायची? मान वर न करता, दोरा सुईत न बघता ओवायची, आणि तोंडाने आपल्या दोघांची हजेरी घेत राहायची. तुझ्या कोटाचं अस्तर तिने किती वेळा बदललं असेल. नाकवाल्या, तू कोट घालतोस की कुस्ती खेळतोस त्याच्याशी, असं म्हणायची. तीच अक्का आता दाराच्या चौकटीला खांदे आपटते, कधी डावा, कधी उजवा, आणि दारालाच रागावते. तिला समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं दिसत नाही. ती हसून म्हणाली, घोड्याला झापडं लावतात तशी देवाने मला लावलीत, म्हातारपणी इकडेतिकडे बघू नये म्हणून. मीही हसलो. मग हात धुण्याच्या निमित्ताने मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. आता तर समोरचंही अंधुक झालं आहे. शिवणयंत्रावर चादर घातली आहे तिने.

डोकं उघडून वरून जावं, तर मेंदू बाजूला सारून तळापर्यंत पोहोचायचं, तासन्‌तास भूल द्यायची. तिचं हृदय ते सोसणार नाही, हे आमच्या भूलतज्ज्ञ बाईंनी मला स्पष्ट शब्दांत सांगितलं. काही न करावं, तर ती आंधळी होईल, आणि गाठ तेवढ्यावर थांबणारी नाही. म्हणजे वाट एकच उरते, नाकाची. तुझी वाट. तू म्हणायचास ना, लोक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात, मी दुसऱ्याच्या नाकात काम खुपसतो. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचास, दार माझं, घर याचं, आणि चोर आम्ही दोघे. मोठ्या सिस्टर तोंड फिरवून हसायच्या.

त्या दिवसांविषयी मी कोणाशी बोलत नाही. बोललो तर लोकांना वाटेल, म्हातारा होत चाललाय. पण नाकोबा, तसं काम मी नंतर कधी केलं नाही. तू एका नाकपुडीतून दुर्बीण नेऊन धरायचास, मी दुसरीतून हत्यारं. दोघांपैकी कोणीही रुग्णाकडे पाहायचं नाही, दोघांनी पडद्याकडे पाहायचं. पडदा सपाट, त्यावर खोली कळत नाही. हाड किती पुढे आहे, धमनी किती मागे, सगळं एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं. आणि तू ती दुर्बीण केसभर पुढे, केसभर मागे करत राहायचास, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. त्या हलण्यातून मला खोली कळायची. मी कधी मागितलं नाही, तू कधी शिकवलं नाहीस. आता माझ्याकडे दुर्बीण धरणारा लोखंडी हात आला आहे, स्क्रू आवळला की हलत नाही. नवे डॉक्टरही तसेच धरतात, काठी रोवल्यासारखे. चित्र झकास येतं. पण ते श्वास घेत नाही.

तू का सोडून गेलास, हे आपण कधी बोललो नाही. ती शिक्षिका, जिच्या गाठीनेही धमनीला अशीच मिठी मारली होती. पडदा एका क्षणात लाल झाला तेव्हाही तू दुर्बीण मागे घेतली नाहीस. रक्ताच्या धारेच्या बाजूला सरकून, काच धूत, मला कुठे दाबायचं ते दाखवत राहिलास. मी दाबलं, रक्त थांबलं, आणि तरी ती पुढच्या आठवड्यात गेली. तिच्या नवऱ्याने आपल्या दोघांचे हात हातात घेतले होते. त्यानंतर तू दुर्बिणीला हात लावला नाहीस. तुला वाटतं, काच धुवायला क्षणभर उशीर झाला. उशीर झाला नव्हता. गाठीने ती भिंत आधीच कुरतडली होती, तपासणीतही तेच आलं. मी तुला हे सांगायला आलो होतो, तुझ्या घराला कुलूप होतं. ज्या देवावर मी भरवसा टाकून जगतो, त्यानेही मला या गोष्टीचं उत्तर दिलेलं नाही. हात धुताना मी अजून त्याचं नाव घेतो. तू चिडवायचास, साबणाला पुण्य लागेल म्हणून. हल्ली नाव घेतो तेव्हा पुढे काय मागायचं तेच सुचत नाही. अक्का, एवढंच म्हणतो आणि नळ बंद करतो.

आता जे लिहितोय ते फक्त आमच्या खोलीतल्या चारचौघांना माहीत आहे. मागच्या आठवड्यात एका ट्रकचालकाची गाठ काढत होतो. साधी गाठ, धमनीपासून लांब. एका शिरेतून थोडं रक्त झिरपलं. असं रोज होतं. कोमट पाणी सोडायचं, कापूस धरायचा आणि थांबायचं. पडदा लाल असला तरी हात तिथेच ठेवायचा, हे मी किती पोरांना शिकवलं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, गढूळ पाण्यात हात मारला की ते आणखी गढूळ होतं, बस जरा. तेच मी पुढे शिकवलं. आणि त्या दिवशी पडदा लाल झाला, मला त्यात अक्का दिसली, आणि माझा हात बाहेर आला. बाहेर, नाकोबा. मी हत्यार घेऊन नुसता उभा. माझी विद्यार्थिनी होती समोर, आता तीच विभागातली सगळ्यात चांगली सर्जन आहे. माझ्या जागी आली, पाणी सोडलं आणि थांबली. लाल गुलाबी झालं, गुलाबीचं पाणी झालं. मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, सर, तुम्ही चहा घेऊन या. एवढ्या वर्षांत त्यांनी मला शस्त्रक्रिया चालू असताना चहाला पाठवलं नव्हतं. ट्रकचालक ठणठणीत आहे. घरी जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरलो.

अक्काला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तरी तिने थेट निकाल दिला. मी तिच्या पायाशी बसलो होतो, तर म्हणाली, काटा आठवतो का तुला? आठवतो. लहानपणी गावात कोणाच्या पायात काटा मोडला की मला बोलावायचे, अक्काच्या सुईने मी अलगद काढायचो, माणसाला कळायचंही नाही. एकदा तिच्याच पायात मोडला. मी सुई धरून रडत बसलो, शेवटी शेजारच्या काकूंनी काढला. तर अक्का म्हणाली, तू नाही काढायचास हाही. तू बाहेर बस. तुझ्या त्या पोरीला सांग, तिचा हात मला आवडला, नाडी बघताना थंड नव्हता. आणि नाकवाला कुठे आहे? तो दार धरून उभा असेल तर मी झोपते. नाहीतर राहू दे, आंधळ्या बायकाही जगतात.

म्हणून लिहिलं. तुला वाटलं असेल, डोकेफोड्या पुन्हा आपल्या हातांसाठी डोळे मागतोय. माझ्या हातांसाठी नाही. मी आत नसणार. तू त्या मुलीसाठी दुर्बीण धर. ती चांगली आहे, थांबता येतं तिला, पण ती लोखंडी हातावर शिकली आहे; दुर्बीण श्वास घेऊ शकते हे तिला कोणी दाखवलेलंच नाही, आणि अक्काच्या धमनीपाशी तिला खोली कळायलाच हवी. शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी सकाळी आहे, त्यापुढे तिची नजर टिकणार नाही. हात बसलेला नाही असं म्हणशील, तर दोन दिवस आधी ये, तिच्याबरोबर सराव कर. भीती वाटते म्हणशील, तर तीही घेऊन ये, माझ्याकडे पुष्कळ आहे, शेजारी ठेवू. तुझ्यापुढे नाक घासायलाही तयार आहे, नाहीतरी ते तुझंच खातं. सिस्टरांनी तुझ्या मापाचे हातमोजे काढून ठेवलेत, मी सांगितलेलं नसताना. मी दाराबाहेरच्या बाकावर बसेन, जिथे आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भावांना बसवत आलो. तिथून काही दिसत नाही. तू आत असलास, तर मला दिसेल.

वाट पाहणारा, तुझाच
डोकेफोड्या