आरशात न दिसणारी जागा

५ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

उशिरा कळवतेय म्हणून रागावू नकोस. गेल्या महिन्यात एका मुलीला गाडी शिकवताना सिग्नलला थांबले होते, तेव्हा मागून टेम्पो आदळला. मान एकदा मागे, एकदा पुढे फेकली गेली. मुलगी सुखरूप. माझ्याही एक्स-रेत काही नाही, पण दुसऱ्या दिवशी मानेचं जे लाकूड झालं ते झालंच. डोकंही ठणकतं. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला तो चार दिवसांपुरता, मी अजून सोडलेला नाही. शिवाय तुझ्या भावोजींकडून ओट्यावर, बेसिनपाशी, दाराशी गाडीचे जुने आरसे बसवून घेतलेत. मान न वळवता सगळं घर दिसतं!

ड्रायव्हिंग स्कूल मात्र बंद करावं म्हणते.

तुझी ताई

१४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

अपघाताचं वाचून काळजी लागली, आणि आरशांचं वाचून हसू आवरेना. घराची पार गाडी केलीस, आता हॉर्न तेवढा राहिला.

इथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं. अशा झटक्यात स्नायू ताणले जातात, ते एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून दुखणं काही खोटं नसतं. पण मान धरून ठेवली तर ती आणखी आखडते म्हणाल्या. डॉक्टरांना विचारून हळूहळू वळवायला लाग. आरशात न दिसणारी जागा मान वळवूनच बघायची, हे कान पिळून मला कुणी शिकवलं? स्कूल बंद करायची भाषा नको.

राग आला तर येऊ दे, माया तेवढी पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास अ. उ. आ.

राग आलाच होता. दुखतंय कुणाला आणि शिकवतंय कोण! तरी डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगून पट्टा काढायला लावला. शेक घ्यायचा आणि हनुवटी सावकाश खांद्याकडे न्यायची. पहिल्या दिवशी रडले रे. दुखण्यापेक्षा भीतीच मोठी होती. मागे पाहिलं की तो टेम्पो पुन्हा येताना दिसेल असं वाटायचं.

आरसे उतरवले. ओट्यावरचा ठेवलाय, तुझे भावोजी कुठल्या डब्यात हात घालतात ते त्यात छान दिसतं.

काल त्याच मुलीला घेऊन त्याच रस्त्याला गेले. कडेला लावलेली गाडी काढताना तिला म्हटलं, आरसा झाला, आता मान वळव. ती माझ्याकडेच बघत राहिली. मग आधी मी वळले. थोडं दुखलं. मागे कुणीच येत नव्हतं.

लोभ आहेच, तो असाच हलता ठेव.

तुझी ताई